एकेक चमचा

"हनुवटी टेकव, मामा. आणि दिसली नसेल तर उगाच बटण दाबायचं नाही."

"दिसली म्हणूनच दाबलं!"

"तिथं चांदणी नव्हतीच मुळी."

"मग तुझ्या यंत्राचेच डोळे गेलेत. आधी त्याला औषध दे."

शाळेच्या त्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले बारा-पंधरा जण खो खो हसले. मामाचं डोकं एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात होतं, त्यामुळे त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत होता. वाडग्याच्या आतल्या अंगाला कुठेतरी एक बारीकशी ठिणगी चमकायची. ती दिसली की हातातलं बटण दाबायचं. किती दिसल्या, कुठल्या बाजूच्या दिसल्या, ते यंत्र टिपून घ्यायचं. खोऱ्यातले लोक त्याला चांदण्यांचा डबा म्हणत.

यंत्रातून कागद बाहेर आला. शहरातून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला.

"मागच्या खेपेला एकोणचाळीस होत्या," त्या म्हणाल्या. "आज अठ्ठावन्न."

मामाला दटावणारी भाचीच डॉक्टरीणबाईंची दुभाषी होती; तिने आकडा खोऱ्याच्या बोलीत सांगितला मात्र, मामा टुणकन उठला आणि यंत्राच्या कडेवर त्याचं टाळकं सणकून आपटलं. टेंगूळ चोळत तो म्हणाला, "आता तुमचे दिवे डोळे मिटूनही दिसायला लागले!"

खोऱ्यातल्या त्या आजाराला गावात 'काठ' म्हणत. पस्तिशी-चाळिशीत संध्याकाळचं दिसेनासं व्हायचं. मग नजरेच्या कडेने अंधार आत सरकू लागायचा, तळं आटताना काठ आत आत येतो तसा. शेवटी नळीतून बघावं एवढाच उजेड उरायचा, आणि एके दिवशी तोही जायचा. "तिचा काठ मिटला" असं म्हटलं की समजायचं, बाई आंधळी झाली. असे काठ खोऱ्यातल्या प्रत्येक घरात मिटले होते. आणि गेल्या दीड वर्षात, माणसांच्या आठवणीत पहिल्यांदा, काठ मागे हटत होता.

ही दुभाषी खोऱ्यातच जन्मली. ती नऊ वर्षांची असताना तिच्या आईचा काठ मिटला. दोष इथल्या पाण्यात असावा, असं आईने मनाशी धरलं आणि पोरीला शहरातल्या दूरच्या मावशीकडे धाडून दिलं. पुढे शाळा झाली, इस्पितळात केसपेपर काढण्याच्या खिडकीवर नोकरी लागली, आणि त्या खिडकीमागे सोळा वर्षं गेली. दिवसभरात मोठ्याने बोलायचा शब्द एकच: "पुढचा!" लग्नाचं जमलं नाही, बढतीचंही नाही. डॉक्टरीणबाईंना औषधाच्या चाचणीसाठी दोन्ही भाषा येणारं माणूस हवं होतं. शोध शोध शोधल्यावर अख्ख्या शहरात असं एकच सापडलं, तेही त्यांच्याच इस्पितळाच्या खिडकीत.

एक्केचाळिसाव्या वर्षी तिच्या आयुष्याला अशी पालवी फुटली. दर आठवड्याला जीपने घाट उतरून खोऱ्यात यायचं, मामाकडे दोन रात्री राहायचं, शंभर माणसांची बोलणी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करायची. बोलून बोलून घसा बसायचा आणि तिला त्याचाही आनंद व्हायचा. मामा चिडवायचा, "भाचीबाई, दोन जिभा झाल्या तुला. जपून हो, एकमेकींना चावतील!"

एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नव्हती. जिना उतरताना तिला कठडा दिसेनासा झाला होता. तिचाही काठ सुरू झाला होता. पण चाचणीत काम करणाऱ्याला चाचणीत भाग घेता येत नाही, हा नियम तिनेच तर भाषांतर करून सगळ्यांना सांगितला होता.

नियम पुष्कळ होते. त्यातला मुख्य तिला समजावून सांगायला सर्वांत जड गेला होता. दोनशे आठ माणसं निवडलेली. प्रत्येकाला नंबराची बाटली, तीत निळ्या कॅप्सूल. अर्ध्या बाटल्यांत औषध, अर्ध्यांत नुसती पिठूळ भुकटी. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. यादी शहरात, मोहोरबंद.

"म्हणजे अर्ध्यांना फसवायचं?" मामीने विचारलं होतं.

"फसवायचं नाही गं. आधी सांगूनच द्यायचं."

"सांगून फसवायचं," मामी म्हणाली. सगळे हसले. मग म्हाताऱ्यांनी आपसात कुजबुज केली, आणि मामाने सगळ्यांच्या वतीने सांगितलं, "ठीक आहे. द्या बाटल्या. पुढचं आमचं आम्ही बघू." आणि दोनशे आठ अंगठे पटापट उठले. इतक्या चटकन लोक तयार झाले याचं तिला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

मामाच्या अठ्ठावन्न चांदण्या झाल्या त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सत्तर जणांची तपासणी झाली. बहुतेकांच्या चांदण्या वाढल्या होत्या. डॉक्टरीणबाई कधी मोठ्याने बोलायच्या नाहीत. त्या दिवशी त्या चक्क शीळ घालत होत्या. "पुढच्या आठवड्यात यादी उघडायची," त्या म्हणाल्या. "माझी बावीस वर्षं आहेत त्या पाकिटात. तुम्ही नसतात तर ही चाचणी झालीच नसती, बरं का."  दुभाषीने खिडकीत बसून असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात जीप आली ती खोकी घेऊन. डॉक्टरीणबाई खाली उतरल्या, कुणाशी न बोलता शाळेच्या पायरीवर बसल्या.

"यंत्र बांधायचंय. बाटल्या गोळा करायच्यात. चाचणी बंद."

"का? काय झालं?"

"काही झालं नाही. हेच झालं, काही झालं नाही." त्यांनी हातातली फाईल तिच्याकडे सरकवली. "औषधवाल्यांच्या चांदण्या वाढल्या, आणि पिठूळवाल्यांच्याही तेवढ्याच वाढल्या. फरक शून्य. म्हणजे औषध काहीच करत नाही. चाचणीवर देखरेख करणारी कमिटी म्हणते, दर आठवड्याला डॉक्टर येतात, विचारपूस होते, लोक यंत्राला सरावले, त्यामुळे आकडे वाढले."

"पण मॅडम, दिसायला लागलंय लोकांना. मामा सुईत दोरा ओवतो."

"मला दिसतंय हो ते! मला काय आंधळी समजता?" त्या ओरडल्या, आणि आपण काय बोललो ते कळून वरमल्या. मग हळू म्हणाल्या, "दिसणं म्हणजे पुरावा नव्हे."

दुभाषी मामाच्या घरी गेली तेव्हा स्वयंपाकघरात मामी, शेजारची सुईण आणि आणखी दोघी बसल्या होत्या. मध्ये पितळी परात. एक जण कॅप्सूल उघडायची, भुकटी परातीत झटकायची आणि रिकामी निळी टोपणं बाजूला टाकायची. शेंगा सोलाव्यात तसं झपाझप चाललं होतं. दोनशेवर बाटल्या ओळीने मांडून ठेवलेल्या, प्रत्येकीवर नंबर.

ती दारातच थबकली. "मामी, हे काय?"

"दर आठवड्याचंच. आज तू लवकर आलीस." मामीने मान वर केली नाही. "सगळ्यांच्या बाटल्या एकत्र करायच्या, नीट कालवायच्या, मधाच्या पाण्यात घालून एकेक चमचा. ज्याचा ज्याचा काठ सुरू झालाय त्याला."

"सगळ्यांना? जे यादीत नाहीत त्यांनाही?"

"यादी त्यांची. काठ आमचा," सुईण म्हणाली. "तीनशे चौदा माणसं आहेत. एकाच्या ताटात वाढायचं आणि शेजारच्याला रिकामं ताट चाटायला लावायचं, हे तू शहरात शिकलीस, आम्ही नाही."

दुभाषीच्या डोक्यात आकडे गरगरायला लागले. दोनशे आठ बाटल्या, त्यातल्या निम्म्याच खऱ्या, आणि खाणारे तीनशे चौदा. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तिसरा हिस्सा. आणि तेवढ्यानेही...

"अगं मामी!" ती किंचाळलीच. "म्हणून फरक दिसला नाही! सगळ्यांनीच खाल्लंय! औषध चालतं! एवढ्याशाने चालतं!"

"ते तर आम्हाला केव्हापासून ठाऊक आहे," मामी शांतपणे म्हणाली. "तुलाही ठाऊक असायला हवं. इथं आलीस की पहिल्या दिवशी सकाळी मधाचं पाणी पीत होतीस ना? तुला काय वाटलं, मामीचे लाड?"

 गेल्या वर्षभरात दुभाषीचा काठ आणखी आत सरकला नव्हता. हे तिच्या लक्षात आलं होतं. पण नशीब म्हणून सोडून दिलं होतं. "तुला कसं कळलं?"

"दारातून येताना तू डावीकडचा माठ दोनदा लाथाडलास. तुझी आई असाच लाथाडायची."

मामा मागच्या दाराने आत आला. त्याने सगळं ऐकलं होतं. मामी म्हणाली, "ही आता जाऊन सांगणार बघ. नियम मोडला म्हणून ती बाई खवळेल. जे मिळतंय तेही जाईल."

"तसंही ते बाटल्या न्यायलाच आलेत," दुभाषी म्हणाली. "पण गप्प बसलो तर त्यांच्या कागदावर औषध वाया गेलं. ते कुणालाच मिळणार नाही, कधीच."

मामाने परातीकडे पाहिलं. आता त्याला परात सबंध दिसत होती, कडेसकट.

"घाटापलीकडेही लोकांना काठ येतो का गं?"

"येतो. हजारो लोकांना येतो. नाव वेगळं आहे."

"मग सांग जा. चांगलं आहे हे ठाऊक असून गप्प बसायचं म्हणजे परात घरात दडवून ठेवण्यासारखंच."

ती पळत सुटली. एक्केचाळीस वर्षांची, गुडघे दुखणारी बाई चढणीवरून अशी पळत होती की वाटेतली माणसं काय झालं म्हणून तिच्यामागे पळायला लागली. शाळेत पोचली तेव्हा डॉक्टरीणबाई यंत्राला पोतं गुंडाळत होत्या. धापा टाकत, शब्दांवर शब्द आपटत तिने सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा आधी पांढराफटक पडला. "दीड वर्षं? दीड वर्षं तुमच्या डोळ्यांदेखत? तुम्ही त्याच घरात राहत होतात!"

"मला ठाऊक नव्हतं, मॅडम."

"बावीस वर्षं माझी! माती केली!" त्यांनी फाईल भिंतीवर फेकली. कागद खोलीभर उडाले. आणि ते कागद उडत असतानाच त्या एकदम थांबल्या. "थांबा. किती माणसं म्हणालात?"

"तीनशे चौदा."

"तिसरा हिस्सा..." त्या जमिनीवर बसल्या, एक कागद उलटा करून भराभर आकडे लिहू लागल्या. "तिसऱ्या हिश्शाला एवढा परिणाम? आम्ही तिप्पट देत होतो! त्या मात्रेने यकृत बिघडतं म्हणून तर कंपनी घाबरत होती!" त्यांनी मान वर केली. डोळे लहान मुलीसारखे लकाकत होते. "रक्त! दर महिन्याचे रक्ताचे नमुने गोठवून ठेवलेत. पिठूळवाल्यांच्या रक्तात औषध सापडलं तर झाला पुरावा! चला, गाडीत बसा, चला!"

नऊ दिवस लागले. दुभाषी त्या दिवसांत खिडकीवर होती. दर थोड्या वेळाने उठून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जाऊन यायची, आणि रांगेतले लोक ओरडायचे. दहाव्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई पांढरा कोट उडवत थेट केसपेपरच्या रांगेत घुसल्या. "सगळ्यांच्या रक्तात आहे! एकूण एक! आणि ज्याच्या रक्तात जास्त, त्याच्या चांदण्या जास्त!" त्यांनी खिडकीच्या गजांतून हात घालून तिचे दोन्ही हात धरले आणि गदागदा हलवले. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाईंना मुलगा झाला का?" दुभाषी हसता हसता रडायला लागली. "त्याहून मोठं, आजोबा!"

पंधरवड्याने कमिटीचा निर्णय आला. डॉक्टरीणबाईंनी तो जीपमध्ये, घाट उतरताना तिला वाचून दाखवला. 

खोली गच्च भरली होती. बाहेर खिडक्यांनाही माणसं लटकलेली. बातमी आधीच पोचली होती, त्यामुळे सगळे लग्नघरासारखे आनंदात होते. डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. त्या एकेक वाक्य बोलत, थांबत. आणि दुभाषी ते खोऱ्याच्या बोलीत सांगे.

"औषध चालतं."

एकच कल्ला झाला. कुणीतरी मामाला उचलून घेतलं.

"पण हा पुरावा पुरेसा धरलेला नाही. नवी चाचणी करावी लागेल. कमी मात्रेची." दुभाषीने सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. करू की!

"ज्यांच्या पोटात हे औषध कधीच गेलेलं नाही, अशाच लोकांवर ती करता येते."

इथे तिची जीभ अडखळली. डॉक्टरीणबाई थांबून होत्या. तिने ते वाक्य सांगितलं. गलका हळूहळू खाली बसला.

"म्हणून ती दुसरीकडे होईल. संपेपर्यंत, मंजुरी मिळेपर्यंत, कुणालाही औषध देता येणार नाही. तुमच्यासाठी खास परवानगी मागितली आहे. अजून उत्तर नाही."

"किती दिवस?" मामाने विचारलं.

"तीन वर्षं. कदाचित चार."

 प्रत्येक जण आपापल्या काठाचा हिशेब करत होता, हे दुभाषीला कळत होतं. ती स्वतःही तेच करत होती. सुईणीने विचारलं, "म्हणजे आम्ही एकमेकांना दिलं म्हणून आता आम्हाला नाही?"

दुभाषीने ते शहरी भाषेत सांगितलं.  "त्यांना सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांनी तसं केलं नसतं तर कमी मात्रा पुरते हे मला कधीच कळलं नसतं. तेही सांगा." आणि खाली मान घालून बाटल्या गोळा करायला लागल्या. एक न् एक बाटली खोक्यात गेली.

खोऱ्यात आता औषध उरलं होतं ते मामीच्या फडताळातल्या बरणीत. कालवलेली भुकटी, तीनशे चौदा माणसांना एक आठवडा पुरेल एवढी. त्या दुपारी तिथेच बैठक बसली आणि फार वेळ चालली नाही. ज्यांचा काठ नुकताच लागला आहे अशा तरण्या पोरांना द्यायचं, असं ठरलं. सहा जण निघाले. सहा जणांना पुरवून पुरवून वर्ष निघेल. मामाने यादी केली आणि सातवं नाव स्वतःच जोडलं.

"माझं का?" दुभाषी म्हणाली. "मी तरणी नाही. मामा, तुला दे ते."

"माझं काय अडतंय? वाटा पायांना पाठ आहेत. पण उद्या तिकडून कागद आला तर दोन्हीकडचं वाचणारं इथं दुसरं कोण आहे? तुझे डोळे तुझ्या एकटीचे नाहीत, भाचीबाई."

मामीने चमचा पुढे केला.  दुभाषीने मामासमोर तो चमचा घेतला. पाणी गोड होतं. मामाने बरणीचं झाकण लावलं आणि विषय बदलला.

खास परवानगीचं उत्तर आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी अकरा अर्ज केले. प्रत्येक अर्जाची प्रत त्या खिडकीवर आणून दुभाषीला दाखवत. पुढच्या तीन वर्षांत खोऱ्यात एकशे सहा काठ मिटले. मामाचा दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मिटला.

सव्वातीन वर्षांनी औषधाला मंजुरी मिळाली. तिसऱ्या हिश्शाच्या मात्रेचं, सगळ्या जगासाठी. पहिली गाडी खोऱ्यात पाठवायची असा हट्ट डॉक्टरीणबाईंनी धरला आणि तडीस नेला. सकाळी शाळेच्या अंगणात टेबल मांडलं. आरोग्य खात्याचा नवा तरुण अधिकारी, शेजारी दुभाषी. तिला आता टेबलाची दोन्ही टोकं एकदम दिसत नव्हती, पण नावं वाचता येत होती. ती भराभर नावं पुकारत होती, पाकिटं हातोहात जात होती, पोरं पाकिटं कानाशी नेऊन खुळखुळवत होती. अंगणात नुसता गलबला उसळला होता.

रांगेच्या कडेला, भिंतीशी, मामा उभा होता.

अधिकाऱ्याने त्याचे डोळे पाहिले आणि दुभाषीच्या कानाशी झुकला. "आजोबांना सांगा, त्यांना आता याचा उपयोग नाही. उगाच उन्हात उभे राहू नका म्हणावं."

तिने सांगितलं.

"ठाऊक आहे की," मामा म्हणाला. "मी वाटप बघायला आलोय."

तिने ते जसंच्या तसं अधिकाऱ्याला सांगितलं. तो ओशाळला, उठून आपली खुर्ची मामाजवळ नेऊन ठेवली. मामाने हाताने चाचपून खुर्ची ओळखली, तिच्या पाठीवर हात ठेवला, पण बसला नाही. ऊन डोक्यावर आलं, सावली भिंतीच्या पायाशी गेली, तरी तो तसाच ताठ उभा राहून एकेक नाव ऐकत होता. शेवटची एक मुलगी पाकीट घेऊन पळाली.

"संपली यादी?" त्याने विचारलं.

"संपली, मामा."

"यादीत नसलेलं कुणी राहिलं का?"

तिने मान वळवून, सगळं अंगण डावीकडून उजवीकडे नीट बघून घेतलं.

"नाही. कुणी नाही."

"बरं," मामा म्हणाला, आणि पाय ओढत घराच्या वाटेला लागला.